ढोकरी उडते तेव्हा

“चूप… आते येई.”

तीनच शब्द, आणि त्यांच्यामागे एक थांबा. तो आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी एकवीस वर्षांची होते. टाळेबंदीत सुरतेचे माग बंद पडले होते आणि आम्ही सगळे यावलजवळ मामांच्या गावी जाऊन राहिलो होतो. मामांच्या मुलींची शाळा फोनवर भरायची, आणि रेंज मिळायची फक्त गोठ्याच्या पत्र्यापाशी. तिथं उभी राहून मी त्यांच्यासाठी ‘रानबोली’ नावाचं एक पान उघडायची. जळगावकडच्या कुणा हौशी मंडळींनी मुलांसाठी केलेलं. पाखरांची चित्रं, जनावरांच्या गोष्टी, आणि त्यांचे खरेखुरे आवाज. प्रत्येक आवाजाआधी एक माणूस आमच्या अहिराणीत कुजबुजायचा, “चूप… आते येई.” गप्प राहा, आता येईल.

मग काहीच नसायचं. वारा पानांतून जायचा, लांब कुठं बादली वाजायची… आणि मग पाखरू बोलायचं.

मुली पाखराची वाट पाहायच्या. मी त्या थांब्याची.

पुढं ते पान बंद पडलं. पण अकरा आवाज मी फोनमध्ये उतरवून घेतले होते. तीन फोन बदलले, आवाज माझ्यासोबत येत राहिले. मी सुरतेतच, उधन्याला, मराठी शाळेत शिक्षिका झाले, तिसरीचा वर्ग मिळाला, लग्नाची स्थळं येऊ लागली. एखादं स्थळ भरभर बोलून आपला पगार, आपली गाडी, आपला फ्लॅट सांगू लागलं की माझ्या मनात यायचं… ह्याला थांबता येत असेल का?

वेडेपणाच तो. आवाजाच्या कोणी प्रेमात पडतं का?

*

टाळेबंदीनंतर पाचेक वर्षांनी एकदा वर्गात प्राण्यांचा धडा घेत होते. फळ्याशेजारच्या पडद्यावर इंटरनेटवरची चित्रं दाखवायची सोय होती. चित्रं देखणी, पण सगळी परक्या मुलखातली. वैशाली नावाची माझी एक विद्यार्थिनी आहे, नवागामात राहणारी, वडील मागावर. तिनं हात वर केला.

“टीचर, हा पेंग्विन डिंडोलीत कुठं भेटतो?”

“डिंडोलीत नाही भेटत गं.”

“मग जो भेटतो तो दाखवा ना.”

मी पुष्कळ शोधलं. आमच्या खाडीकाठचे बगळे, कालव्यावरचे खंड्या, गल्लीतली वटवाघळं, यांच्याबद्दल मराठीत मुलांना कळेल असं फारसं काही सापडलं नाही. आपणच एक पान करावं, असं ठरवून बसले होते. आवाज मात्र कुठून आणायचे, ते कळत नव्हतं.

आणि उत्तरायण आली, सुरतेची पतंगांची संक्रांत.

दुसऱ्या दिवशी, वाशी उत्तरायणीला, मी आईसाठी जिलेबी घेऊन नवागामच्या गल्लीतून येत होते. आकाशात अजून पतंग होते. एका बदामाच्या झाडाखाली गर्दी जमलेली. फांदीत मांज्यानं पाय अडकून एक ढोकरी, बगळ्याच्या जातीतली छोटी, लोंबकळत होती, आणि खाली पोरं एकच कालवा करत होती. भिंतीवर चढलेल्या एका माणसानं मागं वळून ओठांवर बोट ठेवलं.

“चूप… आते येई.”

माझ्या हातातली पिशवी तिरकी झाली. जिलेबीचा पाक चपलेवर ठिबकत राहिला आणि मला ते कळलंही नाही.

त्यानं काठीनं फांदी ओढून घेतली. खिशातून मागवाल्यांची ती बोटभर कात्री काढून दोरा कापला, पाखरू छातीशी धरून उतरला, आणि समोर दिसली ती मी.

“ओढणी द्या.”

“काय?”

“ओढणी. हिला गुंडाळायला. परत देईन… धुऊन.”

मी दिली. भर गल्लीत, अनोळखी माणसाला, नवीन बांधणीची. पायाच्या गाठी सोडवून होईपर्यंत ते पाखरू मी मांडीवर धरून बसले. ऊबदार, मातकट, रेघारेघांचं.

“किती मळकी आहे बिचारी.”

“मळकी?” तो हसला. “थोडं थांबा. मग बोला.”

त्यानं ओढणी सोडली. ढोकरी दोन पावलं लंगडली आणि उडाली… आणि तिच्या अंगातून एकदम दोन पांढरेशुभ्र पंख उघडले. जसं कुणी मळक्या गाठोड्यातून चांदण्याची घडी काढावी.

“अगं बाई! एवढं पांढरं कुठं ठेवलं होतं तिनं?”

“अंगाखाली. बसल्या जागी नाही दाखवत ती कुणाला.”

बोलताना तो माझ्या चेहऱ्याकडे टक लावून पाहत होता. माझ्या ओठांकडे. कुणी इतकं लक्ष देऊन माझं बोलणं ऐकल्याचं मला आठवत नव्हतं. मी उगाच ओठ पुसले, पाक लागलाय की काय म्हणून.

“तुम्ही… रानबोली?” मी विचारलं.

त्याचा हात थांबला. “ते तुम्ही ऐकलं होतं?”

“अकरा आवाज आहेत माझ्याकडे.”

“बाराच होते सगळे मिळून,” तो म्हणाला. “एक राहिला म्हणायचा.”

*

त्याचं नाव योगराज. माझ्या मामांच्या गावापासून चार कोसांवर त्याचं गाव. अठराव्या वर्षी सुरतेला आला आणि मागावर उभा राहिला. टाळेबंदीत गावी होता, तेव्हा हाताला काम नव्हतं म्हणून पाखरांमागं हिंडला.

मी पान करायचं सांगितलं, आणि तो पंधरवड्याच्या सुट्टीला सकाळीच कालव्यावर हजर झाला, खिशात फोन आणि फोनला एक छोटा माईक लावून. मीही जाऊ लागले. पानासाठीच… असं मी आईला सांगायची.

“टीचर, जरा पाय हळू टाका. खंड्या काय तुमच्या वर्गात बसलाय का?”

“मग तुम्ही हजेरी घ्या त्याची.”

“घेतो. पण माझं लक्ष लागायला हवं ना त्याच्याकडे.”

“का, कुठं असतं लक्ष?”

तो पाण्याकडे बघायचा. “कालवा आहे… पुष्कळ बघण्यासारखं असतं.”

असं काहीतरी बोलून तो मला दिवसभर पुरेल एवढं ठेवून जायचा.

शाळेनं परवानगी दिली, आणि तो एकदा वर्गातही आला. मागाच्या खडखडाटात कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येत नाही, म्हणून कारखान्यात माणसं हातांनी बोलतात. तार तुटली की दोन बोटं झटकायची, चहा आला की अंगठा ओठाला, मालक आला की मिशीवरून हात. बाकीचं ओठ बघून. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांना हे येतं, बापाकडून आलेलं. योगराजनं त्यांना पाखरांच्या खुणा करून दिल्या. ढोकरीची खूण म्हणजे खांदे आवळून मान आत, आणि मग दोन्ही तळवे एकदम उघडे. आम्ही पानावर प्रत्येक आवाजाखाली एक छोटा व्हिडिओ टाकला, त्यात मुलांचे हात. वैशाली दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाली, “मी पप्पांना ढोकरी सांगितली. पप्पांनी पण केली.” तिचे पप्पा ऐकू येईनासं झाल्यापासून घरात फार बोलत नव्हते.

“ह्या खुणा कशा सुचल्या तुम्हाला?” मी विचारलं होतं.

“अशाच,” तो म्हणाला. “आवाजाचा काय भरवसा.”

मला वाटलं, तो बंद पडलेल्या रानबोलीबद्दल बोलतोय.

*

फेब्रुवारीच्या शेवटी एका दुपारी त्यानं फोनवर सात आवाज पाठवले. खाली लिहिलं होतं, ‘शेवटचा शेवग्याखालचा आहे. शिंजीर दिसला होता, पण बोललाच नाही. रिकामा आहे, पुसून टाका.’

मी वर्गातच होते. मुलं म्हणाली, लावा. लावला. “चूप… आते येई,” आणि मग तो थांबा… पण थांबा नव्हताच. पहिल्या श्वासापासून तो फुलांतला मध पिणारा चिमुकला शिंजीर बोलत होता. बारीक, टोकदार, सुईनं उन्हाला टाके घालावेत तसा. एक मिनिट, दोन मिनिटं, न थांबता.

“टीचर,” वैशाली म्हणाली, “सर रिकामा का म्हणतात? हा तर भरलाय.”

मला एकदम सगळं दिसलं. आवाज घेताना तो कान लावायचा नाही, फोनच्या पडद्यावरची उठणारी रेघ बघायचा. त्या दिवशी वारा होता, रेघ वाऱ्यानंच भरली असेल, पाखरू त्यात वेगळं दिसलं नसेल. आणि तो माझ्या ओठांकडे का बघायचा, तेही दिसलं. दहा वर्षं मागावर काढलेल्या माणसाचे कान आधी वरच्या टोकाकडून जातात. माझ्या बाबांचे तसेच गेले. आधी चिमण्या, मग घड्याळाची टिकटिक, मग आम्ही.

त्या संध्याकाळी तो भेटला. “पुसला का तो?”

“हो,” मी म्हणाले.

कसं सांगायचं? ज्या माणसानं माझ्या कानांत पाखरं आणून ठेवली, त्याला त्याच्या हातून पाखरू निसटल्याचं मी सांगायचं? आमच्या दोघांमध्ये तेव्हापासून ते दोन मिनिटांचं पाखरू बोलत राहिलं; त्याला ते ऐकू येत नव्हतं, आणि मी येत नसल्यासारखं केलं.

*

होळीनंतर आमचं पान सुरू झालं. छत्तीस जीव, छत्तीस खुणा. आई म्हणाली, त्या पोराला जेवायला बोलव.

माझी आई, शोभाबाई, शेवभाजी करते तेव्हा गल्लीला कळतं. तो बाबांशेजारी बसला. बाबांचं नाव सुपडू. तीस वर्षं माग चालवून आता घरी असतात. टीव्ही मोठ्यानं लावलेला, बाबांच्या सवयीचा. दोघं हातांनीच गप्पा मारत होते. बाबा हसताना दिसले, तसे मी त्यांना कितीतरी दिवसांत पाहिले नव्हते.

मी स्वयंपाकघरात पोळ्या घेत होते. आई दाराच्या चौकटीत उभी होती, तोंड बाहेरच्या खोलीकडे. हळूच म्हणाली, “पोरगं गुणी शे. पण मागावरचं शे, बाई. ह्याचेबी कान जाणार. बहिऱ्याशी बोलता बोलता मन्हा गळा गया… तुना नको.”

टीव्हीच्या आवाजात ते मलाच जेमतेम ऐकू आलं. मी बाहेर पोळी वाढायला गेले तर योगराज ताटावरून उठत होता.

“अजून घ्या ना.”

“पोट भरलं,” तो म्हणाला. माझ्याकडे न बघता.

पुढच्या सुट्टीला तो कालव्यावर आला नाही. त्याच्या पुढच्याही. मी एकटीच उभी राहायची. खंड्या यायचा, बसायचा, निळा चमकून जायचा. तोच कालवा, आणि बघण्यासारखं काहीच नाही. संध्याकाळी आई भांडी घासताना आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, झोक्याचं काहीतरी गुणगुणायची…

*थांबला गं वारा, थांबलं बाई पान,*
*कुणाच्या चाहुलीला लावू मी गं कान…*

आणि माझ्या हातातलं काम तिथंच राहायचं.

एप्रिलात त्याचा निरोप आला. ‘आखाजीला गावी जातोय. आता तिकडंच. काकांची केळीची बाग आहे. बारावा आवाज पाठवायचा राहिला होता, सोबत जोडलाय.’

लावला. रात्रीच्या रानातला पिंगळा होता. शेवटी, रेकॉर्डिंग बंद करायला विसरल्यासारखा, त्याचा आवाज. पाच-सहा वर्षांपूर्वीचा, कोवळा. “कोणी ऐकत असेल का हे?”

मी फोन उशीखाली ठेवला. काढला. परत ठेवला.

सकाळी बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि बाजूला बसवलं. बाबा फार बोलत नाहीत. बोलले की आवाज लहान-मोठा होतो, त्यांना कळत नाही म्हणून.

“तो आज माग सोडतोय, कारखान्यातून कळलं. का, ठाऊक आहे?”

मी मान हलवली. नाही.

“तुझी आई त्या दिवशी दारात बोलली. ती समजते टीव्हीत कुणाला ऐकू जात नाही.” त्यांनी बोट आपल्या डोळ्यांकडे नेलं. “ऐकू नाहीच आलं. दिसलं. मला दिसलं, त्यालाबी दिसलं. आम्ही दोघं मागावरचे.”

आई चहाचं पातेलं घेऊन तिथंच उभी होती. तीस वर्षं मागवाल्याचा संसार केलेली बाई, आणि तिलाच ते सुचलं नव्हतं. तिनं पातेलं खाली ठेवलं. बाबांसमोर बसली, आणि आवाज न करता काहीतरी बोलली. नुसते ओठ. बराच वेळ. बाबांनीही ओठांनीच उत्तर दिलं. मला ते वाचता आलं असतं, पण मी दुसरीकडे बघितलं. ते त्यांचं होतं.

मग आई माझ्याकडे वळली. डोळे ओले, आवाज मात्र नेहमीचा. “मी ओरडते ते सांगायला, भाजी आण, नळ आला. बाकीचं आमचं कधी ओरडून झालंच नाही. हे मी तुला कधी सांगितलं नाही, माय. मन्हीच चूक.” आणि पदरानं नाक पुसत म्हणाली, “आज त्याचा शेवटचा दिवस ना कारखान्यात? मग शाळा सुटल्यावर इथं काय करशील?”

*

उधन्याच्या तिसऱ्या गल्लीत त्याचा कारखाना. दारात पाऊल टाकलं आणि खडखडाट अंगावर आला, छातीत, दातांत. चाळीस माग एकसाथ. हवेत धाग्यांची पूड तरंगत होती. तो पलीकडच्या रांगेत होता, पाठमोरा. मी हाक मारली. मलाच ती ऐकू आली नाही.

मग तो वळला. मला पाहिलं. जागीच उभा राहिला.

मला बरंच वाटलं, त्या गोंगाटाचं. वाटलं, इथं काहीही बोललं तरी ते फक्त त्याच्यापर्यंत जाईल. म्हणून मी ओठांनीच, सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलले.

“तो आवाज रिकामा नव्हता. त्यात शिंजीर होता. पूर्ण दोन मिनिटं.”

त्याचा चेहरा हलला नाही.

“मी पुसलेला नाही. मला तेव्हापासून ठाऊक आहे. आई बोलली ते भीतीपोटी, आणि तिनंच मला इथं पाठवलंय. माग सोडा, आजच सोडा. केळी लावा. पण माझ्यापासून जायचं म्हणून जाऊ नका. गोठ्याच्या पत्र्याखाली उभी होते तेव्हापासून मी तुमची वाट बघतेय. मला तुम्ही हवे आहात. कान असतील तोवर, आणि नसतील तेव्हाही.”

माझ्या डावीकडचा माग बंद पडला. बघते तर त्याच्यावरचा म्हातारा, बाबांच्या ओळखीचा उखाकाका, खांद्यावरचा पंचा तोंडाला लावून लाजत होता. मग त्याच्या पलीकडचा माग थांबला. मग समोरचा. मी गोंधळून इकडंतिकडं पाहिलं. रांगेच्या रांगेतली माणसं माझ्याकडे तोंड करून उभी होती, आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर सगळं स्पष्ट लिहिलं होतं.

मी मागवाल्याची मुलगी. आणि आईची चूक ऐकून एक दिवसही झाला नव्हता, तर मी तीच चाळीस जणांसमोर केली होती.

माग एकामागून एक थांबत गेले. शेवटचा थांबला तेव्हा कारखान्यात एवढी शांतता झाली की कौलांवरचं कबुतर ऐकू आलं. योगराजचे ओठ उघडले, मिटले. कुणीतरी मागून खाकरलं. उखाकाकांनी वळून त्याच्याकडे डोळे वटारले आणि ओठांवर बोट ठेवलं.

“चूप,” ते म्हणाले. “आते येई.”

तोच थांबा होता. मी इतकी वर्षं सोबत घेऊन फिरलेला. वारा दारातून आला, धाग्यांची पूड उन्हात हळूहळू खाली बसत गेली…

“शिंजीर गेला,” योगराज म्हणाला. पहिल्यांदा मोठ्यानं, सगळ्यांसमोर. “मागच्या वर्षीच गेला. कुणाला सांगितलं नव्हतं. आता चिमणीही अर्धीच येते.” त्यानं हातातली कात्री मागावर ठेवली. “तुझा आवाज अजून येतो, जयश्री. जेवढे दिवस येईल तेवढे दिवस मला तो रोज ऐकायचाय. आणि नाही येणार तेव्हा… तुझ्याकडे बघत बसेन. कालव्यावर मी तेच करत होतो.”